थाळी माझ्याच घरी राहिली

आई, पत्र लिहायला फार उशीर केला, रागावू नकोस. तू गेलीस तेव्हा माझे केस काळे होते. आता सगळे पांढरे झाले, आणि आठवीत शाळा सोडलेल्याचं शुद्धलेखन तुला ठाऊकच आहे. पण सांगितल्याशिवाय चैन पडायची नाही.

तुझी काशाची थाळी. भोपाळला नोकरीपायी आलेली आपण माणसं, कारखान्याचं दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे नदी. सगळे तिला नाला म्हणायचे. नाला म्हटलं की कचरा टाकताना मनाला लागत नाही. एका सकाळी तू सैपाकघराच्या खिडकीतून बघतेस, तर पाडकामाच्या मलब्याची ट्रॉली नदीवरच्या लहान पुलावर, पुलियावर उभी. पोळी तव्यावर टाकून तू थाळी-लाटणं घेऊन निघालीस. स्टोव्ह मी बंद केला. तुझा ठणठणाट ऐकून ओळीतल्या बायका पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. "अम्मा, नाला ही तो है, हटो," ट्रॉलीवाला म्हणाला. "नाला तेरी ट्रॉली में है. इधर नदी है. और मेरे को अकेली मत समझना." ट्रॉली वळली.

मग तू नियम केलास: दर रविवारी थाळी पुढच्या घरी, आणि थाळी जिच्या घरी, तिचं आठवडाभर सगळ्यांनी ऐकायचं. पदराआडून बोलणारी क्लार्कची बायकोसुद्धा आपल्या आठवड्यात कारखान्याच्या साहेबाला कचरा दाखवायला काठावर घेऊन आली. मी म्हणालो, "थाळी तूच ठेव कायमची. त्या क्लार्कच्या बायकोला धड वाजवताही येत नाही." तू माझ्यावर खेकसलीस, "मी तापाने पडले तर नदी रजा टाकणार आहे का? वाजवेल वेडीवाकडी. हाताला सवय कशी लागायची?"

तू गेलीस त्या आठवड्यात थाळी आपल्याकडे होती. रविवार आला. वाटलं, कुणी पाडेल, चीर जाईल, पुढच्या रविवारी देऊ. तो रविवार आलाच नाही. मी बोलवायचो, लोक यायचे. आधी तीसेक, मग दहा, मग मी एकटाच पुलियावर. काठावर पुन्हा मलबा पडतोय, पाण्याला वास आहे. आणि मी मात्र कुलूप ओढून बघावं तशी ट्रंकेतली थाळी बघत राहिलो.

गेल्या रविवारी खांदा भरून येईपर्यंत वाजवली. एकटी त्या क्लार्कची सून आली. मी कुरकुरलो, "कुणाला नदीची पडलेलीच नाही."

ती हसली. "पडेल कशी, काका? तुम्ही काही पडूच देत नाही. थाळीसुद्धा. तुमच्यानंतर आमच्या सासूबाईंचा नंबर होता ना? त्या अजून विचारतात."

आठवडाभर जेवण गेलं नाही. आज सकाळी थाळी जुन्या धोतरात गुंडाळून तिच्या दारी नेली. म्हातारीने ती मांडीवर घेतली, कडेवरून बोट फिरवलं. मी घरी पोचतो तोच आवाज आला. पळीने वाजवत असावी, अगदीच वेडावाकडा. खिडकीतून मोजलं, चार दारं उघडली. चारच. पण मी न बोलावता.

एक कबूल करतो. लाटणं मी दिलं नाही. मागायला तरी कुणी येईल, असं वाटलं.

हे पत्र ट्रंकेत ठेवतोय, थाळीच्या रिकाम्या जागी. तरी लाटण्याचं काय करू ते लवकर कळव, आई. पुढच्या रविवारच्या आत.