रिकाम्या हातानं आठ सत्तर

कोइमतूर
२४ नोव्हेंबर २०२४

ती. स्व. शेषरावमामांस गोपालचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाले ऐकू येत नाही, अन् मोबाइलवर लिहावं तर आधी तुमचा कुलदीप वाचते, मंग सारं गाव. म्हणून कागद. अक्षर दहावी नापासाचं आहे, सांभाळून घ्या.

इथं बरं चाललं आहे. अकोल्याच्या गॅरेजातून ट्रकमधी बसून निघालो तेव्हा वाटलं होतं, दोन महिनेही टिकणार नाही. आता दीड वर्ष झालं. रेसच्या गाडीचे टायर काढाचे अन् लावाचे. काम मिनिटाचं, वाट पाहणं दिवसभराचं, अन् माह्यासारख्याले बसणं जमत नाही हे तुम्हाले माहीतच आहे. अमरावतीहून आईनं तुमच्याजवळ माह्या लग्नाचं काढलं असन, तर सांगा, पोट्टं अजून नट कसून राह्यलं आहे.

लिहाचं कारण येगळं आहे. आमच्या गॅरेजात चिन्नसामी नावाचा म्हातारा फोरमन आहे. तोडकंमोडकं हिंदी बोलते. त्यानं एका भिंतीवर रंगानं लिहून ठेवलं आहे, की जगात आजवर एकट्या माणसानं गाडी हाकाचं सगळ्यात मोठं काम कोणकोणतं केलं. फँजिओ म्हणून एक होता. १९५७ साली जर्मनीत टायर बदलाले थांबला, थांबणं लांबलं, पुढच्या दोघाईच्या पाऊण मिनिटाहून जास्त मागं पडला. मंग चकरीमागून चकरी आपलाच विक्रम मोडत गेला, अन् शेवटून दुसऱ्या चकरीत दोघाईलेही मागं टाकलं. वय किती, तर शेहेचाळीस. सेन्नानं इंग्लंडात पावसात पहिल्या वळणावर पाचवा असून एका चकरीत पहिला नंबर घेतला. शूमाकरचा स्पेनमधी गिअर पाचव्यात अडकला. टायर बदलाले थांबला तो पाचव्यात, निघाला तोही पाचव्यात, अन् दुसरा आला. चिन्नसामी म्हणते, हे पहिल्या नंबराहून मोठं.

परवा जेवताना वाद पेटला अन् मी म्हटलं, याच्यात माह्या मामाचं नाव पाहिजे. सारे हासले. मग मी सांगतलं. १९९६, आमच्या गावचा शंकरपट, पाखऱ्या अन् हिऱ्याची जोडी, आठ सेकंद सत्तर, अन् तेही रिकाम्या हातानं. शंकरपट काय असते हे समजावता समजावता चहा थंड झाला. दोन चाकांची हलकी छकडी, दोन बैल, वर एक माणूस अन् शेवटी घड्याळ. आपल्या गावात महानुभावांची घरं जास्त, जिवाले इजा चालत नाही, म्हणून छकडीवर चढाच्या आधी हाकणारा दोन्ही तळहात पंचांले दाखवते, ही रीतही सांगतली. काडी नाही, टोचाची आर नाही.

चिन्नसामीनं सारं ऐकून घेतलं अन् विचारलं, मारलं नाही, टोचलं नाही, तर मग हातांनी नेमकं केलं काय? मले सांगता आलं नाही. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. त्यानं तुमचं नाव लिहू देल्लं, पण खडूनं. तुमचं उत्तर आलं की रंगानं लिहाचं आहे. तर मामा, कासरा कसा धरला, हात कोठी होते, सारं बैजवार लिहा.

मामीले नमस्कार, कुलदीपले एक चापट. तुमचा लोभ आहे म्हणूनच एवढं मागतो.

तुमचा
गोपाल


धामणगाव रेल्वेजवळ, घरून
१० डिसेंबर २०२४

चि. गोपालास शेषरावचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोस्टमननं विचारलं, कोर्टाचा कागद आहे काय. हातानं लिहिलेलं पत्र गावात आता कोणाच्याच घरी येत नाही.

कपाशीची दुसरी येचणी चालू आहे. तुही मामी लीलाबाई गुडघ्यानं हैराण आहे, तरी वावरात जाते अन् घरी येऊन मले बोलते. मले ऐकू येत नाही याचा तिले फायदाच आहे, मनसोक्त बोलते. कानाचं मशीन शिट्टी वाजवते म्हणून म्या डब्बीत ठेवून देल्लं आहे.

बैलाच्या शर्यतीवरची बंदी उठली तरी आपल्या गावचा पट तेव्हापासून भरला नव्हता. यंदा दोन फेब्रुवारीले भरणार आहे. पटाच्या समितीचा किसनराव घरी आला अन् माह्या कानात वरडून गेला. मैदानावर फलक लावणार, त्याच्यावर माहं नाव अन् आठ सत्तर, ऑइल पेंटनं. मले शाल-नारळ. आठ सत्तर जो मोडन त्याले मानाची झूल. हाती घड्याळाचा भरोसा नाही म्हणून अकोल्याहून लाइटचं घड्याळ आणणार आहे.

कुलदीपनं मूर्तिजापूरकडून जोडी आणली आहे. सकाळी अन् संध्याकाळी नाल्याच्या रस्त्यानं पळवते. त्याचं नऊ तीसच्या खाली येत नाही. रोज मले विचारते, बाबा, तुमी काय केलं होतं. म्या म्हणतो, बैल चांगले होते. तो म्हणते, पोटच्या पोरापासूनही लपवता. बैल वाळून राह्यले आहेत, पण त्याले सांगून उपयोग नाही.

हाताचं तू विचारलं, तर जुनी गोष्ट आहे, आता ध्यानात नाही. बैल चांगले होते एवढंच त्या म्हाताऱ्याले सांग. भिंतीवर नाव नाही राह्यलं तरी चालते.

पोटभर जेवत जा. आमच्यावर माया आहे तशीच राहू दे.

शेषराव


कोइमतूर
२२ डिसेंबर २०२४

ती. स्व. मामांस गोपालचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र चिन्नसामीले वाचून दाखवलं. तो म्हणे, खरे मोठे हाकणारे असंच बोलते. फँजिओही त्या दिवसानंतर म्हणे, असा मी आधी कधी हाकलो नव्हतो अन् पुन्हा जमन असं वाटत नाही. तर तुमचं नाव आता लाल रंगानं लिहिलं आहे, तेही मराठीत. इथं कोणालेच वाचता येत नाही, पण रुबाब आहे.

आता कामाची गोष्ट. गुरुवारी कुलदीपचा फोन आला होता. आधी इकडची-तिकडची बात केली, मंग हळूच विचारलं, की तुमच्याकडं रेसच्या गाडीच्या लहान लहान बॅटऱ्या असते, त्यातली कोणती घेतली तर बैलाले झटका बसन पण अंगावर डाग पडणार नाही. मले आधी वाटलं मजाक करून राह्यला. मजाक नव्हता. वायरही आणून ठेवली आहे म्हणे, शर्टाच्या बाहीतून काढाची.

मी त्याले दोन शिव्या हासडल्या. म्हटलं, पंच तळहात पाहते, जोडी बाद होईन, पोलिसात जाशीन, अन् ते मुकं जनावर येगळंच. तो रडक्या आवाजात म्हणे, बाबाले रिकाम्या हातानं आठ सत्तर जमलं, मले नऊ तीसच्या खाली जमत नाही, म्हणजे माह्यातच खोट आहे, मंग मी करू काय? अन् फोन ठेवला.

मामा, त्याच्यात खोट नाही. त्याले कोणी शिकवलंच नाही. मी टायरवाला, मले बैलातलं काय समजते? तुमी त्याले हाताचं सांगा. आठवत नसन तर आठवा. एक तुमीच सांगू शकता. तुमचं ऐकलं तर तो वायर फेकून देईन.

लवकर लिहा. लोभ कमी करू नका, उशीर मात्र नका करू.

गोपाल


घरून
८ जानेवारी २०२५

चि. गोपालास अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक. नाही फाडलं तरी चालते, पण कुलदीपच्या हाती पडू देऊ नको.

तुह्यं पत्र आल्यावर म्या गोठ्यात जाऊन पाह्यलं. बैलाच्या कुटाराच्या ढिगामागं डब्बा सापडला. बॅटरी, वायर अन् दोन पितळी पट्ट्या. पोट्ट्यानं बाहीचं माप घेऊन सारं नीट बसवलं आहे. म्या हातात घेतला अन् तसाच परत ठेवला. कोणत्या तोंडानं फेकू?

आठवत नाही असं म्या लिहिलं ते खोटं होतं. सारं आठवते. त्या दिवशी पंच पुंजारामनं माहे तळहात पाह्यले, उलटे करून पाह्यले, अन् मान हलवली. माह्या उजव्या मनगटाले रुमाल बांधला होता, घाम पुसाले सारेच बांधत. रुमालाच्या गाठीत चपलेचा खिळा होता. मनगटाकडं कोणी पाह्यलं नाही, कारण आपल्या गावात असं कोणी कराचंच नाही. म्या पाखऱ्याच्या पाठीशी वाकलो, लोकाईले वाटलं बैलाच्या कानात बोलून राह्यला. तेच पुढं लोकाईनं सांगतलं, शेषराव बैलाशी बोलते. म्या बोललो नाही. चार वेळा मनगट टेकवलं.

जखम म्या हळद भरून झाकली, झूल घातली. महिनाभरात बरी झाली. पण त्याच्या पुढं म्या हात वर केला की पाखऱ्या अंग चोरत होता. सरकीच्या ढेपेचा घास द्याले हात नेला तरी. मरेपर्यंत सात वर्षं. हिऱ्या खात होता, पाखऱ्या मी गेल्यावर खात होता. म्हणून म्या छकडी सोडली. घरी सांगतलं, कंबर दुखते.

तू म्हणते, कुलदीपले शिकव. गोपाल, माह्याजवळ शिकवाले काही नाही. रिकाम्या हातानं माहं किती यायचं माहीत आहे काय? नऊ चाळीस. पोट्टं माह्याहून चांगलं हाकते, अन् त्याले वाटते त्याच्यात खोट आहे.

काय करावं ते मले सुचत नाही. सांगतलं तर पोराची मान गावात खाली होते. नाही सांगतलं तर तो वायर बांधते.

माया ठेव असं आता कोणत्या हिमतीनं लिहू?

शेषराव


कोइमतूर
१७ जानेवारी २०२५

ती. स्व. मामांस गोपालचा नमस्कार.

दोन दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो. राग आला. लहानपणी शाळेत कोणी चिडवलं की मी म्हणत होतो, माह्या मामाचं आठ सत्तर आहे, तुह्या कोणाचं आहे? दहावी नापास झालो तेव्हाही मनात तेच म्हटलं. आता काय म्हणू?

चिन्नसामीले खरं सांगतलं. त्यानं थिनरचा डब्बा अन् चिंधी आणून माह्या हातात देल्ली अन् चहा प्यायले गेला. मीच पुसलं. लाल रंग लवकर जात नाही, जागा गुलाबी राह्यली.

आता तुमचं. सुचत नाही असं लिहिलं, पण मले वाटते तुम्हाले सुचलं आहे, हिंमत होत नाही. कुलदीपले मीही सांगू शकतो, फोन हातातच आहे. पण मी सांगतलं तर तो म्हणन, गोपाल जळते. तुमी सांगतलं तर मान खाली होईन, हे खरं. होऊ द्या. मान पुन्हा वर करता येते. पाखऱ्याचं तुमीच लिहिलं, सात वर्षं.

अन् एकट्या कुलदीपले सांगून भागणार नाही. फलक तसाच राह्यला तर याच्यामागं दुसरं कोणाचं पोट्टं वायर बांधन. आठ सत्तर रिकाम्या हाताचं नाही, हे साऱ्या पटाले समजलं पाहिजे.

स्पीड पोस्टानं टाकून राह्यलो. पट दोन तारखेले आहे. तीसपर्यंत तुमच्याकडून झालं नाही तर मी किसनरावले फोन करतो. तुमी मामा आहे, तरी करतो.

या वेळी लोभाचं काही लिहीत नाही. तारीख लक्षात ठेवा.

गोपाल


घरून
१२ फेब्रुवारी २०२५

चि. गोपालास अनेक आशीर्वाद.

फोन कराचं काम तुले पडलं नाही, ते तुले समजलंच असन.

एकोणतीस तारखेले समितीची सभा होती. म्या मशीन कानात घालून गेलो. सगळ्याईच्या पुढं उभा राह्यलो, दोन्ही तळहात दाखवले. पुंजाराम आता पंच्याऐंशीचा आहे, त्याले वाटलं जुना मान म्हणून करून राह्यला. त्यानं हासून मान हलवली. मंग म्या मनगटाचा रुमाल सोडला अन् गाठीतला खिळा त्याच्या हातावर ठेवला. म्हटलं, भाऊ, त्या दिवशी असाच होता.

 मंग किसनराव म्हणे, शेषराव, एवढ्या वर्षांची गोष्ट, फलक रंगवून झाला, बसा आता. म्या म्हटलं, फलक राह्यला तर म्या पटाच्या दिवशी माइकवर सांगतो. तेव्हा पुटपुटत कबूल झाले. पुंजाराम चहा न पिता घरी गेला. अजून माह्या दारावरून जाताना दुसऱ्या बाजूले तोंड करते. आता यंदापासून तळहातासंगं मनगटही पाहाचं अन् बाह्या कोपराच्या वर, असं ठरलं आहे.

कुलदीप सभेत मागं उभा होता. घरी आला, डब्बा काढला, अंगणात दगडानं ठेचला. माह्याशी एक शब्द बोलला नाही. लीलाबाई बोलली, अन् मशीन कानात असल्यानं या वेळी सारं ऐकावं लागलं. तिचंही बरोबर आहे. हळद तिच्याच हातानं वाटून घेतली होती म्या, कशाले पाहिजे ते न सांगता.

पटाच्या दिवशी कुलदीप उतरला. मले वाटलं होतं उतरणार नाही. छकडीवर चढला तर गर्दीतून कोणी वरडलं, रुमालवाल्याचं पोट्टं आलं. ते म्या मशीनमधून ऐकलं. त्यानंही ऐकलं. त्यानं बाह्या वर केल्या, हात दाखवले अन् हाकलं. नऊ पंचवीस. अकरावा आला. पहिली जोडी नऊ शून्य चार, तिवस्याकडची. फलकावर आता त्या माणसाचं नाव आहे.

 पटानंतर चौथ्या दिवशी सकाळी म्या गोठ्यात शेण काढून राह्यलो होतो, तर कुलदीप आला अन् माह्या कानाशी वरडला, की बाबा, मनगट न टेकवता बैलाले पळ म्हणून सांगाचं कसं? म्या फावडं ठेवलं. म्हटलं, मले येत नाही. मले कधी आलंच नाही.  मंग त्यानं कासरा काढला, अर्धा आपल्या हातात ठेवला, अर्धा माह्या हातात देल्ला, अन् म्हणे, चाला मंग, पाहू.

नाल्याच्या रस्त्यानं रोज जातो आता. लोक हासते.

लोभ उरला असन तर लिही, नसन तर तेही लिही. खरं काय ते लिही.

तुहा मामा
शेषराव