उखळआळीतली दुपारची रात्र

उखळआळी, जुनं पनवेल

तीर्थस्वरूप भामाआत्या,

पनवेलहून दिनूचा वाकून नमस्कार. (कंबर अजून वाकते. सरळ व्हायला मात्र आशालताचा हात लागतो.) तुझे गुडघे कसे आहेत? मागे पाठवलेलं तेल तू गुडघ्यांना न लावता दाराच्या बिजागऱ्यांना लावलंस असं कळलं. दार आता कुरकुरत नाही हे ऐकून बरं वाटलं, पण गुडघ्यांचं काय ते कळव. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तुला शेजारणीच्या घरातलं घड्याळसुद्धा दिसतं म्हणतात, म्हणून हे पत्र बारीक अक्षरात लिहायला हरकत नाही. फोन केला असता, पण फोनवर तू "बरं, ठेव" म्हणतेस आणि मी ठेवायच्या आत तूच ठेवतेस. ही हकिकत तशी मध्येच ठेवून देण्यासारखी नाही.

आशालताचा भाचा निकेश तुला आठवत असेल. आमच्या ऋचाच्या लग्नात मठ्ठ्याच्या पिंपात बर्फाचा हंस सोडला होता, तोच. (हंस वितळला, मठ्ठा पाणी झाला, आणि व्याह्यांनी तो ताक समजून नाक मुरडत प्यायला.) तो परदेशी बोटीवर पाहुण्यांना जेवायला घालायची नोकरी करून परत आला आहे. येताना त्यानं एक विचार आणला. नवा विमानतळ झाला, आता जगभरचे लोक आपल्या उशाशी उतरणार; पण त्यांनी संध्याकाळनंतर पनवेलात करायचं काय? पनवेलात रात्री काही नाहीच असं नाही, असं त्याचं म्हणणं. आहे, पण विखुरलेलं आहे. एसटी स्टँडजवळ एक बुर्जीची गाडी, उड्डाणपुलाखाली एक पानवाला, तिकडे खांदा कॉलनीत एक औषधांचं दुकान. हे सगळं उचलून गावाच्या मधोमध एका गल्लीत आणून ठेवलं की झाला रात्रजीवन विभाग. आणि ती गल्ली म्हणजे आमची उखळआळी, कारण ती दोन्ही टोकांना अरुंद आहे आणि आत आलेला पाहुणा सहजासहजी बाहेर पडू शकत नाही.

यावर मारुतीच्या देवळामागच्या हॉलमध्ये सभा झाली. पनवेलसारख्या गावाच्या मध्यभागी पाहुण्यांसाठी रात्रीचा वेगळा विभाग हवा की नको, हा विषय फळ्यावर खडूनं लिहिला होता. फळा बालवाडीचा असल्यामुळे खाली 'ह हत्तीचा' तसाच राहिला होता. आमचे शेजारी धर्मराज म्हात्रे (शाळा तपासणीस होते, आता निवृत्त आहेत, म्हणून जे दिसेल ते तपासतात) सगळ्यात आधी उठले. रात्र ही सार्वजनिक वस्तू आहे, ती पाण्यासारखी सगळ्या वॉर्डांत सारखी वाटली पाहिजे, एकाच आळीला जादा रात्र का, असा त्यांचा सवाल होता. खांदा कॉलनीतून आलेल्या दोघांनी आमचे रस्ते रुंद आहेत, रात्र आम्हालाच द्या, म्हणून हट्ट धरला. एकानं सुचवलं की हे सगळं द्रोणागिरीला न्यावं, तिथे नुसती गोदामं आहेत, कुणाची झोप मोडणार नाही. निकेश म्हणाला, पाहुण्यांनी कंटेनर बघायचे का? तर धर्मराज म्हणाले, निदान ते रात्रभर हलतात तरी. शेवटी सभेनं ठरवलं की आधी एकदा करून बघावं. आणि मला अध्यक्ष केलं, कारण हार आणलेला होता आणि मी पहिल्या रांगेत बसलो होतो.

आत्या, इथपर्यंत मला गंमत वाटत होती. दुसऱ्या दिवशी निकेश टेप घेऊन गिरणीत आला आणि माझी पिठाची गिरणी मोजू लागला. म्हणाला, काका, हा आपल्या विभागाचा मध्यबिंदू. जातं काढायचं, पट्टा काढायचा, मंद दिवे लावायचे, नाव ठेवायचं 'दळण'. पाहुणे मऊ खुर्च्यांत बसून पेय पितील. तुम्हाला दारात पांढरा सदरा घालून उभं करू. मी म्हटलं, मी तसाही पांढराच असतो. पण रात्री झोप येईना. तू आणि बाबांनी मिळून तो जात्याचा दगड पहिल्यांदा बसवला तेव्हा मी हाफ पँटमध्ये होतो. दुसरीकडे हेही खरं की खोकला वाढलाय, पट्टा चढवताना खांदा धरतो, आणि आळीतल्या निम्म्या बायका आता पिशवीतलं पीठ आणतात. नाही म्हणायला जीभ उचलेना आणि हो म्हणताना छातीत काहीतरी अडकत होतं. (पीठ असेल. डॉक्टरही तेच म्हणतात.)

मग निकेशनं गावात रात्री कोण कोण जागं असतं त्याची चौकशी सुरू केली. एटीएमचा रखवालदार, प्रसूतिगृहाच्या पायऱ्यांवर बसलेले होणारे बाप, अपचनामुळे येरझाऱ्या घालणारे एक सराफ, आणि सगळ्यात शेवटी त्याची स्वतःची मावशी, म्हणजे आमची आशालता. ऋचा लग्न होऊन कॅनडाला गेली तेव्हापासून आशालताची झोप उडाली आहे. आपली रात्र तिचा दिवस, फोन कधीही येईल म्हणून ही उशाशी फोन घेऊन छताकडे बघत असते. निकेशनं तिलाही रात्रजीवनात धरलं आणि पाहुण्यांशी गप्पा मारायला बसायची विनंती केली. ती भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला आणि एवढंच म्हणाली, "निकेश, मी जागी असतंय ती हौसेनं नाय रे." तो जरा ओशाळला. मीही तिथेच होतो, आणि इतके महिने शेजारी घोरत असूनही हे मला नव्यानं कळलं.

प्रयोग करायचा तर परवानगी हवी. रात्री गल्ली अडवायला कुणी परवानगी देईना. खूप हिंडल्यावर दुपारची मिळाली. दुसऱ्या कुणी हात टेकले असते, पण निकेश बोटीवर राहिलेला माणूस. तो म्हणाला, रात्र म्हणजे शेवटी अंधारच ना? त्यानं सुभाष मंडपवाल्याला बोलावलं आणि आळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत काळं कापड ताणलं. भर दुपारी आमच्या आळीत रात्र झाली. कोंबड्या गुपचूप आत गेल्या. समोरच्या घरातल्या आजोबांनी संध्याकाळची गोळी घेतली. सराफांना येरझाऱ्या घालायला गल्लीच्या मधोमध पट्टा आखून दिला होता, त्यावरून ते मान खाली घालून फिरू लागले. होणारे बाप एका बाकावर ओळीनं बसले. त्यातला एक तेवढ्यात बाप झाला, म्हणून त्याला काढून दुसरा आणावा लागला.

पाहुणे खरे होते बरं का. विमान लांबलेली एक तुकडी निकेशनं विमानतळावरून मिनी बसमध्ये घालून आणली. दिल्लीची दोन कुटुंबं, बंगलोरची काही कॉम्प्युटरवाली मुलं, आणि नॉर्वे देशातली एक उंच बाई. तिच्यासाठी सुभाषला काळं कापड दोन ठिकाणी वर उचलून धरावं लागलं. मला वाटलं होतं भर दुपारची रात्र बघून ती चिडेल. पण तिच्या गावाला म्हणे उन्हाळ्यात मध्यरात्रीसुद्धा ऊन असतं, तेव्हा दुपारी रात्र असण्यात तिला काहीच नवल वाटलं नाही. उलट तिनं आम्हाला ही रात्र किती महिने चालते ते विचारलं.

एवढ्यात शिपाईदादा आले. परवानगी गर्दीची आहे, लाऊडस्पीकरची नाही, म्हणाले, आणि निकेशनं आणलेलं गाण्याचं सामान बंद झालं. अंधारात सगळे उभे. सराफांच्या चपलांचा तेवढा आवाज. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले, म्हणजे बघत असावेत, दिसत नव्हतं. निकेश चाचपडत गिरणीच्या दाराशी आला. त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, काका, गिरणी चालू करा, तिला निदान ताल आहे. तो पोरगा रडायच्या बेताला आला होता, आत्या. ज्या जात्याला काढायला निघाला होता त्याचेच पाय धरत होता. मी पट्टा चढवला, गव्हाचा डबा ओतला आणि खटका दाबला.

तुला तो आवाज माहीत आहे. आधी घरघर, मग पट्ट्याची टपटप, मग दोन्ही एक होतात. गरम पिठाचा वास गल्लीभर पसरला. थोड्या वेळानं निकेश बाहेर डोकावून आला आणि कुजबुजला की कुणीच बोलत नाहीये. मी दारात जाऊन गिरणीच्या दिव्याच्या उजेडात बघितलं. दिल्लीची कुटुंबं ओट्यावर एकमेकांच्या खांद्यावर झोपली होती. कॉम्प्युटरवाली मुलं निकेशनं मांडलेल्या मऊ खुर्च्यांत मान मागे टाकून झोपली होती. उंच बाई एका ओट्यावर मावली नाही म्हणून दोन घरांच्या ओट्यांवर मिळून आडवी झाली होती. रखवालदार झोपला (तो म्हणे नोकरीवरही झोपतो, पण इतका नाही), होणारे बाप एकमेकांवर कलंडले, आणि सराफ येरझाऱ्या घालता घालता देवळाच्या खांबाला टेकून उभ्यानंच घोरू लागले. आणि आत वळलो तर गव्हाच्या पोत्यांवर आशालता. हातातला फोन सुटून पिठात पडला होता. तोंड किंचित उघडं, कपाळावरची आठी गेलेली. मी तिला अशी झोपलेली ऋचा गेल्यापासून बघितली नव्हती. फोन उचलला, पुसला आणि आवाज बंद करून खिशात घातला.

आता गिरणी थांबवायची कशी? आवाज थांबला की सगळे उठणार. आणि रिकामी चालवली तर दगडावर दगड घासून जातं खराब होणार. मी आशालताच्या अंगाखालची पोती सोडून घरातले गहू दळले, ज्वारी दळली, गिऱ्हाइकांचे ठेवलेले डबे दळले, शेवटी उपासाची भगरसुद्धा दळली. निकेशला धान्य मागायला घरोघर पिटाळलं तर झोपलेल्यांची दारं वाजवायची त्याला भीती वाटे. तेवढ्यात दारात धर्मराज उभे राहिले. हातात निषेधाचा फलक. दिवसाढवळ्या रात्र केल्याबद्दल मला जाब विचारायला आले होते, तोंड उघडलंही होतं. मी पोत्यांकडे बोट केलं. त्यांनी आशालताकडे बघितलं. त्यांच्या बायकोच्या आजारपणात रात्र रात्र हीच जाऊन बसायची. ते हळूच म्हणाले, "दिनू, किती उरलंय?" मी रिकामा डबा दाखवला. फलक भिंतीला लावून ते गेले आणि वर्षाच्या गव्हाचं पोतं स्वतःच्या पाठीवर घेऊन आले. ते ओतत होते, मी जात्याशी, निकेश पीठ भरत होता. डोळ्यांत पीठ जाऊन तिघांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. निदान माझ्या तरी पिठामुळेच.

सुभाषनं कापड काढलं तेव्हा उन्हं कलली होती. निकेश पाहुण्यांची माफी मागायला निघाला होता, पण ते त्याला बोलूच देईनात. उंच बाई म्हणाली (बंगलोरच्या एका मुलानं हिंदीत सांगितलं) की जगात सगळीकडे पाहुण्याला जागं ठेवतात, आडवं व्हा म्हणून कुणी सांगत नाही. सराफ इतके ताजेतवाने झाले की त्यांना आपण विवाहित असल्याचं आठवलं आणि ते घाईनं घरी गेले. आशालता उठली, पदर झटकला आणि भाजी टाकायची राहिली म्हणून मलाच बोलली. मला ते बोलणं फार गोड लागलं. तिकडे सकाळ होताच ऋचाचा फोन येऊन गेला होता, मग हिनंच उलट फोन केला, आणि दोघी पोटभर बोलल्या.

पुढच्या सभेत मी अध्यक्ष या नात्यानं सांगितलं की आपल्याला रात्रीचा विभाग नको, आणि गिरणी निघणार नाही. खोकला काढायचा तर डॉक्टर काढेल. निकेशनंच टाळी वाजवली. धर्मराजांना मात्र विरोध करायला काही उरलं नाही म्हणून ते दोन दिवस खिन्न होते. आता पाहुणे दुपारी झोपायला येतात, मी दळतो, आशालता त्यांच्यात आपली चटई टाकते. आळीतल्या बायकाही पिशवीचं पीठ सोडून डबे घेऊन येऊ लागल्यात, कारण दळण कमी पडलं की पाहुणे उठतात.

सगळ्यांना आशीर्वाद. गुडघ्यांचं कळव.

तुझा,
दिनू

ता. क. – झोप झाली की पाहुणे ताजे होतात आणि आता पुढे काय म्हणून विचारतात. पनवेलात पुढे काही नसल्यामुळे माझ्या तोंडून तुझं नाव निघून गेलं. मी एवढंच म्हणालो की करंज्याच्या बंदरावर माझी आत्या सकाळी मासळीचा लिलाव पुकारते आणि भाव पाडून मागणाऱ्याला ज्या शिव्या देते त्या ऐकून होड्या मागे सरकतात. त्यांना त्या ऐकायच्या आहेत.

ता. क. २ – वेगळं काही करू नकोस. नेहमीचंच लुगडं, नेहमीचंच बोलणं. उंच बाईनं (ती विमान सोडून इथेच राहिली आहे) भाव पाडून मागायचं मराठी वाक्य पाठ केलंय, ते ऐकून घे आणि तिला सोडू नकोस. फक्त आपल्या घराण्याचा उद्धार करू नकोस. निकेश त्यांना अर्थ सांगणार आहे.

ता. क. ३ – पत्र पोस्टानं आलं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. देणारा निकेश. त्याच्यामागे हात जोडून उभे आहेत ते पाहुणे. मिनी बस जेट्टीच्या तोंडाशी उभी आहे आणि मी तिच्यात शेवटच्या सीटवर, पडदा ओढून. तुझा आवाज उतरला की खाली येतो.