परसातला तिलोंज

चि. भुला, धाकट्या दलीप यास,

पाटलीहून तुझ्या भागुली दीदीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे देवीच्या कृपेने राजीखुशी. (हे सवयीने लिहिलं. सध्या देवीची कृपा माझ्यावर कितपत आहे, ते पुढे वाचशीलच.) वहिनीची कंबर कशी आहे? वरच्या थंडीत तिला काळ्या भट्टाची गरम डाळ खायला घाल, आणि तू तंबाखू सोडलीस असं ऐकलं, त्यावर माझा विश्वास नाही. फोन केला असता, पण तुझ्या डोंगरधारेवर तो लागत नाही, आणि इथे माझ्या अंगणात कुजबुजलं तरी थोरल्या जाऊबाईंच्या अंगणात ऐकू जातं. म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय.

आमचं बांजाचं जंगल तुला माहीतच आहे. गुरांसाठी पानं ओरबाडून ओरबाडून आम्ही बायांनीच ते बोडकं केलं, खालून चिडाची सुईपानी झाडं वर चढत आली आणि डोंगरातल्या धाऱ्याचं पाणी करंगळीएवढं झालं. म्हणून दोन वर्षांमागे गावाने सगळं जंगल पाच वर्षांसाठी देवीला वाहिलं. आता तिथलं पान तोडायचं नाही. जो सापडेल त्याचा विळा देवीच्या दाराला टांगायचा, आणि चोरी ठरली तर विळा कायमचा देवीचा. हा विळ्याचा नियम भर सभेत कुणी सुचवला असेल? तुझ्या या शहाण्या बहिणीने! हात नाचवून, पदर खोचून सुचवला. तेव्हा टाळ्यासुद्धा पडल्या होत्या रे.

तर झालं असं, की जेठ महिन्यात म्हैस व्याली. पाऊस रुसलेला, डोंगर करपलेला, गवताची काडी नाही. म्हैस माझ्याकडे अशी बघायची, की सासूबाईंनीही कधी तसं बघितलं नव्हतं. एका पहाटे गेले मी. एकच भारा कापला. (बरं, मोठा होता.) जंगलातून पाय बाहेर टाकते तोच समोर धनुली दीदी! माझी थोरली जाऊ, आणि त्यात यंदाची वनपंचायतीची सरपंच. एवढ्या पहाटे ती तिथे काय करत होती, म्हणशील. राखण करत होते, म्हणाली. कमरेला दोर गुंडाळून राखण! पण चोराने कोतवालाला कोणत्या तोंडाने विचारायचं? तिने सगळ्या वाटेने माझ्या नावाचा शंख केला. मग माझ्याही तोंडून निघून गेलं, की हा बांज नव्हेच मुळी, हा तिलोंज आहे, माझ्या परसातला.

झालं! माझ्या अंगणात अख्खं गाव जमलं. खष्टीवल्लभ मास्तर आले. मास्तरांच्या भाषेत बांज, तिलोंज, खर्सू सगळे ओकच, एकाच कुळातली भावंडं. त्यांनी भाऱ्यातलं एक पान उलटं केलं. पाठ राखेसारखी पांढरी, म्हणजे बांज, म्हणाले. मी म्हटलं, दीदी कणीक मळून आलीय, तिच्या हातचं पीठ लागलं. त्यांनी रुमालाने पुसलं, पांढरं जाईना. मी म्हटलं, झाड म्हातारं आहे, तुमचे केस नाही का पिकले? मग त्यांनी धडाच दिला : तिलोंज राहतो उंचावर, सावलीच्या अंगाला, थंड ओलाव्यात. पाटलीच्या उन्हात तो कशाला येईल? मी म्हटलं, मीसुद्धा वरच्याच गावची, लग्न होऊन खाली आले आणि तीस वर्षं जगले. झाडाने काय घोडं मारलंय? बाया खदखदून हसल्या. तेवढ्यात रेडकाने मास्तरांच्या हातातलं पान ओढून खाल्लं आणि म्हशीने भाऱ्याचा फडशा पाडला. पुरावाच उरला नाही.

पण धनुली दीदी कसली सोडतेय! माझा विळा तिने देवीच्या दाराला टांगलाच. आषाढ लागेल त्या दिवशी पूजा आटोपून सगळं गाव माझ्या परसात तिलोंज बघायला येणार. परसात काय आहे, तर शेणाचा उकिरडा आणि भोपळ्याचा वेल. दलीप, तो विळा आपल्या ईजेचा आहे रे. लेकीला सासरी धाडताना तिने स्वतःच्या कमरेचा काढून माझ्या कमरेला खोचला होता. ती गेल्यावर माहेरचं म्हणून माझ्याजवळ तेवढंच उरलं. दिवसभर हात कमरेकडे जातो आणि रिकामा परत येतो.

असो. तुझ्या जिवाला उगाच घोर नको, म्हणून काही मागत नाही. मुलांना पापा.

तुझी,
भागुली दीदी

ता. क. मागत नाही म्हटलं, पण पूजेच्या आदल्या दिवशी तिलोंजाची एक जाडजूड फांदी घेऊन ये. माणसाच्या दुप्पट उंचीची. उकिरड्यात खोल रोवू, दोन दिवस तरी हिरवी राहील.

ता. क. २. पान दोन्ही अंगांनी हिरवं आणि चकचकीत बघून घे. लहानपणासारखा घोटाळा करून खर्सू आणशील. खर्सूची पानं काटेरी असतात. झाडावर चढायच्या आधी हात लावून बघ, उतरल्यावर नको.

ता. क. ३. घात झाला. एवढं लिहून चहा ठेवायला उठले, तर धनुली दीदी आत येऊन पत्र वाचत बसलेली! आता ही गावभर करणार, म्हणून मी घाईने तिच्यापुढे चहा आणि गूळ ठेवला. तिने सगळं वाचलं, गुळाचा खडा तोंडात टाकून चहा संपवला आणि कमरेचा विळा काढून माझ्यापुढे ठेवला. बघते तर ईजेचा! मी म्हटलं, अगं, मग देवीच्या दाराला काय टांगलंय? ती भिंतीकडे बघत म्हणाली, "माझा. त्या पहाटे तू आधी पोचलीस, एवढंच." मग आम्ही दोघी इतक्या हसलो, की रडू आलं.

तर फांदी नको. बांजाची रोपं आण, मावतील तेवढी. गाव परसात येईल तेव्हा त्यांच्यासमोर आम्ही दोघी ती लावू आणि काय ते कबूल करू. तिचा विळा गेला, म्हणून ईजेचा आता आम्ही पाळीपाळीने वापरणार आहोत. आज तिची पाळी आहे.