बोटातली चटकी उतरवण्याबाबत

माझा आरसा परत माझ्या पोरानं, शामनं नेला. ट्रकवाल्याला दाढी करायला रस्त्यात पन्नास सलून आहेत, मला तळपाय पाहायला हा एकच आरसा आहे. तो आधी जागेवर आणून ठेवा, मग पुढचं वाचा.

सर्वांना राम राम. मी लालीबाई हिरासिंग आडे, वय बहात्तरच्या आसपास, शिक्षण तिसरी नापास, राहणार तांडा, बाभुळगावच्या पलीकडे. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी मला फसवलं नाही, धमकावलं नाही. धमकावायलाही या घरात माझ्याजवळ कोणी बसत नाही. मी बोलते, नात राखी लिहिते. तिनं माझे शब्द सुधारले तर हा कागद रद्द समजावा.

कलम एक. माझ्या डाव्या पायाला दोन बोटं नाहीत. ती कशी गेली ते आधी सांगते, कारण सगळी वाटणी त्याच्यावर आहे. लग्नात सासूनं माझ्या पायाच्या बोटात चांदीची चटकी घातली आणि म्हणाली, "नवरा जिता आहे तंवर उतरवायची नाही." मला साखर निघाली, चटकीखाली जखम झाली, पू आला. मी हळद भरली, चटकी काढली नाही. शेवटी यवतमाळला चटकीसकट बोट कापलं, मग शेजारचं कापलं. दोन वर्षांनी हिरासिंग गेला. तो विडीनं गेला. पण माझा दीर लखीराम तेराव्याला सगळ्यांसमोर म्हणाला, "भाभीनं चटकी उतरवली, म्हणून भाऊ गेला." एकानंही त्याचं तोंड धरलं नाही. लखीरामला माझ्याकडून काही नाही. माझी काठीसुद्धा नाही. त्याची पाळी येईल तेव्हा त्यानं आपली तोडून आणावी.

कलम दोन. बोटं गेल्यावर सगळे शहाणे झाले. शाम म्हणाला, सकाळी चाल. चालले, तर जखम पुन्हा फुटली. लखीरामच्या बायकोनं शनिवार धरायला लावला, तर उपाशीपोटी न्हाणीत पडले. राखीनं मोबाइलमध्ये पाहून सांगितलं, पहाटे डोळे मिटून आयुष्यातलं चांगलं आठवायचं. मी डोळे मिटले तर मला बोटच दिसलं. मग मी कोणाचं ऐकणं सोडलं आणि माझ्या पायालाच विचारत गेले. त्याला काय मानवतं ते कळायला दोन वर्षं गेली. सकाळी भाकर गरम असताना आधी मी खाते, मग गडीमाणसं. "बुढीले भूक आवरत नाही," म्हणतात, म्हणू द्या. घरातही चप्पल घालते. दुपारी सगळे वावरात गेले की कोमट पाणी, मग बोटांच्या बेचक्या कोरड्या करणं, खोबरेल, आणि आरसा जमिनीवर ठेवून तळपाय पाहणं. एवढंच. हे दुसऱ्या कोणाला लागू पडेल असं मी म्हणत नाही. ज्याचं त्यानं शोधावं. पण शोधायला रिकामी घटका लागते, आणि आमच्यात बाई रिकामी बसली की घराला खाज सुटते.

कलम तीन, बबिता. ही माझी सून, शामची बायको, राखीची माय. हिच्या बोटात चटकी मीच घातली, आणि सासूचं वाक्य जसंच्या तसं मीच बोलले. औंदा शिबिरात तिलाही साखर निघाली. बोट सुजलं आहे, एका कडेनं काळं पडलं आहे. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांत चटकी काढा, नाही तर पाय जाईल. त्यातले सहा कापूस वेचण्यात गेले. परवा मी पक्कड घेऊन बसले. तिनं पाय ओढून घेतला.

"याडी, ते राजूरले कोळसा भरून राह्यले. रातंदिवस रस्त्यावर. मी कशी उतरवू?"

"उतरव! मी सांगते ना."

"तुमी सांगता. त्यायले काही झालं तं लखीरामकाका मलेच म्हणन ना."

तेराव्याला मीही गप्पच बसले होते. शामला फोन लावला तर म्हणतो, "याडी, बायकांच्या भानगडीत मले कायले ओढून राह्यली?"

कलम चार, घर. ते माझ्या नावावर आहे. हिरासिंगनं एवढं एक काम धड केलं. शामनं नऊ दिवसांच्या आत घरी येऊन, स्वतःच्या हातानं, लखीरामच्या देखत, बबिताच्या बोटातली चटकी कापावी, तर घर दोघांचं. नाही तर एकट्या बबिताचं. पण पाय गेल्यावर घर घेऊन ती करणार काय, हे मलाही समजत नाही. घर कोणाचंही होवो, दुपारी बारा ते एक बबिताला कोणी पाणी मागायचं नाही. आरसा तिचा. त्या घटकेत तिनं काय करावं ते तिचं तिनं ठरवावं. झोपली तरी चालेल.

राखी लिहिता लिहिता थांबली. म्हणते, "आजी, मृत्युपत्र माणूस मेल्यावर चालते. नऊ दिवस कसे लिहू?" लिही म्हटलं, मी आजपासून मेली समज. जिवंत असताना तरी कोणी ऐकलं?

कलम पाच. कवड्या, भिंगं, सुया, भरतकामाची अर्धी राहिलेली कांचळी, म्हणजे आमची चोळी, राखीला. माझ्या पेटीतली चांदी मोडून तिच्या शिक्षणाला लावावी. तिच्या लग्नात चटकी घालायची का नाही ते तिचं तिनं पाहावं. घातली तर सैल घालावी.

या कागदानं काही होईल असं मला वाटत नाही. सासूचं वाक्य तोंडी होतं, तरी आजपर्यंत टिकलं. माझं कागदावर आहे, म्हणून पेटीत पडेल. तरी लिहिलं.

सही : लालीबाई हिरासिंग आडे (अंगठा नाही, सही येते)
साक्षीदार : १. धावजी, तांड्याचे नायक. २. किसनराव, निवृत्त मास्तर, बाभुळगाव. दोघांनी माझ्यासमोर वाचून सह्या केल्या. नायकानं वाचून झाल्यावर खाली पाहिलं.
ठिकाण : तांडा, ता. बाभुळगाव, जि. यवतमाळ
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२४

सहीनंतर आठवलं ते : चटकी निघाल्यावर लग्नात, विहिरीवर, कोणाच्या तेराव्याला, बोट मोकळं का असं कोणी विचारलं तर बबितानं तोंड उघडायचं नाही. उत्तर शामनं द्यायचं. तो रस्त्यावर असला तर तिथंच त्याला फोन लावायचा, आणि त्यानं गाडी बाजूला उभी करून द्यायचं.