कोशासाठी पावणेसहा वर्षांची मुदतवाढ

तीर्थस्वरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, गुडघे परवानगी देतात तेवढा वाकून, नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? कानातलं यंत्र अजून मधूनच शिट्टी मारतं का? भावजींनाही नमस्कार सांग. ते तुझं ऐकत नसले तरी नमस्कार ऐकतील. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. माझा रक्तदाब माझ्या वयाला शोभेल असा आहे आणि तुझ्या भावजयीचा माझ्या वागण्याला शोभेल असा.

तुझी तिन्ही स्मरणपत्रं पोचली. (तिसऱ्यात तू ‘चिरंजीव’ गाळलंस, ते माझ्या नजरेतून सुटलेलं नाही.) बाबांचा शब्दकोश दर चार महिन्यांनी एका भावंडाकडून दुसऱ्याकडे जायचा, हा आपला तिघांचा करार. तुझी पाळी लागून दोन महिने उलटले आणि कोश अजून माझ्याच टेबलावर आहे, हे सगळं मान्य. दादाने चौदा वर्षांत एकदाही उशीर केला नाही, हेही मान्य. पण दादा कोश उघडतच नाही. तो कपाटात ठेवतो आणि चार महिन्यांनी काढतो, त्याला कसला उशीर होणार? माझ्या उशिराला कारण आहे, आणि ते तुम्हा दोघांच्याच भल्याचं आहे. पाणी पिऊन घे आणि शांतपणे वाच.

झालं असं, की एका सकाळी कोश उघडला आणि ‘म’मधलं एक पान सुटून माझ्या हातात आलं. बाबांनी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवताना ज्याच्यावर तीस वर्षं शाईची बोटं उमटवली, तो कोश आपण तिघं पार्सलने फिरवून फिरवून मारणार, असं मनात आलं आणि डोळे भरून आले. (तुझी भावजय म्हणते, ते मोतीबिंदूमुळे. असेल.) तेव्हा ठरवलं, की हा कोश संगणकात घालायचा, म्हणजे तिन्ही घरी एकाच वेळी राहील. शोधता शोधता शब्दकोशाचा एक प्रोग्रॅम सापडला, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी मिळून केलेला, फुकट, आणि तिन्ही तऱ्हांच्या संगणकांवर चालणारा. आपल्या घरांत नेमक्या तीनच तऱ्हा आहेत. तुझा, जावयाने दिलेला, ऐन कामाच्या वेळी स्वतःला सुधारायला बसणारा. दादाचा चकचकीत, झाकण उघडलं की स्वतःवरच खूश होणारा. आणि माझा, लेकीने टाकून दिलेला, दुरुस्तीवाल्याने कसाबसा जगवलेला. माझ्या संगणकापुढे मात्र लिहिलं होतं, की याच्यासाठी तयार प्रोग्रॅम नाही, सोर्स कोडवरून स्वतः बांधून घ्यावा. मला तो माझा सन्मानच वाटला.

सोर्स कोड म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर. तो संगणकाला पचेल अशा रूपात आणायचा, याला बांधणं म्हणतात. बाबा एकेक खिळा लावायचे आणि मग छापलेलं पान बाहेर यायचं, तसंच काहीसं. हा मजकूर मी आधी मोठ्याने वाचून पाहिला. अर्थ लागला नाही, पण ओळी मागेपुढे सरकवून अशा सुंदर मांडल्या होत्या, की चौथीच्या वर्गात बाकावर मुठी आपटत म्हटलेल्या कविता आठवल्या. एका ठिकाणी तर भुजंगप्रयात जवळजवळ जुळला. (तेवढ्यात तुझ्या भावजयीने विचारलं, “कोणाशी भांडताय?”)

अडचण अशी, की बांधकाम सुरूच होईना. आधी त्या प्रोग्रॅमला लागणारी सामग्री जमवावी लागली. तीही कशी, एकाला बोलवावं तर तो मेहुण्याशिवाय घर सोडत नाही आणि मेहुणा त्याच्या साडूशिवाय. अशी सदतीस मंडळी गोळा केली, आज्ञा दिली, आणि पडदाभर चुकांच्या ओळी धो धो वाहिल्या. मी वर्गात शिकलेलं विसरलो नव्हतो. कवितेचा अर्थ शेवटच्या ओळीत असतो, तेव्हा मी शेवटची ओळ वहीत उतरवायचो, तिच्यावर उपाय करायचो, पुन्हा आज्ञा द्यायचो. दर वेळी शेवटची ओळ निराळी. अठरा दिवस, ताई! वही भरली. काही ओळी तर मला पाठ झाल्या, अंघोळ करताना तोंडात यायच्या.

एकोणिसाव्या सकाळी शेजारचे लिफ्टवाले पेपर मागायला आले. (हे आमच्याच मजल्यावर राहतात. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता जिना चढतात, डॉक्टरांनी सांगितलंय.) ते माझ्या मागे उभे राहून थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “अहो कविराज, तळाला काय बसलाय? वर चढा. पहिला बिघाड धरा, बाकीची नुसती बोंब असते.” मी वर चढलो. पहिली ओळ अठरा दिवस तीच होती, मी तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. (तूही माझी पत्रं शेवटाकडून वाचतेस असं दादा म्हणतो. तुझ्याबाबतीत ते बरोबर असेल.) बिघाड एवढाच, की ज्या फोल्डरमध्ये हे सगळं ठेवलं होतं त्याला मी प्रेमाने ‘बाबांचा कोश पुन्हा नव्याने’ असं नाव दिलं होतं. शब्दांमध्ये मोकळी जागा आली की पत्ता तिथेच संपला असं त्या यंत्राला वाटतं, मग ते पुढे जातच नाही. लिफ्टवाले म्हणाले, “नाव ठेवा ‘कोश’. बारसं नंतर करा.”

ठेवलं. आणि ताई, काय सांगू, सुरू झालं! पडद्यावर टक्के चढायला लागले. दोन तास दहा मिनिटं मी हाताची घडी घालून ताठ बसलो होतो, मास्तर वर्गात असल्यासारखा. संगणक इतका तापला, की त्याच्या बाजूने निघणाऱ्या गरम वाऱ्यापुढे तुझ्या भावजयीने माझे ओले मोजे वाळत घातले. त्रेसष्ट टक्क्यांवर तो बराच वेळ थांबला, तेव्हा मोजे काढा म्हणून मी ओरडलो. लिफ्टवाले उजवा काढणार इतक्यात चौसष्ट झाले. मग शंभर. खिडकी उघडली. पांढरीशुभ्र, देखणी, वर शब्द लिहायला एक चौकट. मी हात धुऊन आलो आणि पहिला शब्द लिहिला, आनंद. उत्तर आलं, काहीही सापडले नाही. ‘दुःख’ लिहिलं. तेही सापडलं नाही, तेव्हा जरा बरं वाटलं. मग तुझ्या भावजयीने मला सरकवून ‘नवरा’ लिहिलं, आणि उत्तर वाचून म्हणाली, “यंत्र प्रामाणिक आहे हो.”

मी जे बांधलं होतं ते शब्दकोशाचं कपाट होतं. शब्द आपले आपण आणून ठेवायचे असतात. हे पहिल्या पानावर लिहिलेलं होतं म्हणे. लिफ्टवाल्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “लिफ्ट फस्टक्लास बसलीय. आता माणसं आणा.”

तेव्हापासून रोज सकाळी मी बाबांच्या कोशातले शब्द एका बोटाने टाइप करतो आहे. सकाळी एकोणीस शब्द होतात. खिडकीतून ऊन येतं, चहा निवतो, आणि मी एकेका शब्दापाशी रेंगाळतो. खरं सांगू? इतका सुखात मी निवृत्त झाल्यापासून नव्हतो. तुझ्यासाठी आणि दादासाठीही हाच प्रोग्रॅम आहे. तुमच्या संगणकांवर तो बांधावा लागत नाही, तयार मिळतो, एक बटण दाबलं की झालं. (हे कळलं त्या दिवशी मी चुकांची ती वही माळ्यावर टाकली.) प्रकृतीला जप. चढउतार कमी कर.

तुझा,
धाकटा

ता. क. – कोशात चाळीस हजार शब्द आहेत. एकोणीसने भाग दिला तर पावणेसहा वर्षं होतात. तेवढी मुदत मोठ्या मनाने द्यावीस. तेव्हा तू ब्याऐंशी वर्षांची असशील, पण प्रोग्रॅममध्ये अक्षरं मोठी करायची सोय आहे.

ता. क. २ – वरचं रद्द समजावं. तुझ्या भावजयीने ते वाचलं. कोश कागदात गुंडाळून झाला आहे, आणि दोरी बांधताना गाठीवर बोट तिने मलाच ठेवायला लावलं. हे पत्र त्याच पुडक्यात येतं आहे. सुटलेलं पान जागेवर आहे, सांभाळून उघड.

ता. क. ३ – एक गोष्ट लिहायची टाळत होतो. मी ‘अ’पासून सुरुवात केलीच नव्हती. आपण लहानपणी बाबांना ज्या शब्दाचा अर्थ विचारायचो त्याच्याशेजारी ते पेन्सिलीने रेघ काढायचे, तुझी एक, दादाच्या दोन, माझ्या तीन. ते शब्द मी आधी घेतले. तुझे एकशे अठरा निघाले, दादाचे पंच्याऐंशी, आणि माझे नऊ. बाबांचा लाडका कविताप्रेमी मी, आणि नऊ! दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. मग आठवलं, मी बाबांना विचारायचोच नाही. ते दमून यायचे. मी जिन्यावर बसून तुला विचारायचो, आणि तू वेणी घालता घालता सांगायचीस. त्या शब्दांची नोंद कुठेच नाही. तर या चार महिन्यांत कोश चाळताना जे आठवतील त्या शब्दांपुढे तीन रेघा काढ. नाही आठवले तर अंदाजाने काढ, मी तपासणार नाही. पुडक्यात पेन्सिल ठेवली आहे, टोक करून.