सुनंदाच्या हातचा टोमॅटो

सोमवार, संध्याकाळ

संधिवातानं बोटं वाकडी झाल्यापासून टोमॅटोच्या एका जातीचा पराग दुसरीच्या फुलाला लावणं मला जमत नाही. गेल्या वर्षी ते काम धाकट्या जावेनं, सुनंदानं केलं. काय सरळ बोटं तिची! आज त्यातून धरलेल्या बीच्या रोपावरचा पहिला टोमॅटो पिकला. तिनंच कापून मला फोड दिली.

“ताई, कसा लागतोय? सांगा की.”

“पानचट.”

खोटं बोलले. इतका गोड टोमॅटो माझ्या हातून कधीच झाला नाही. त्या सरळ बोटांचा हेवा, दुसरं काय?

तिचा चेहरा पडला. “मंग रोप उपटू का?”

“नको गं!” मी ओरडलेच.

ती माझ्याकडं बघतच राहिली. मग उरलेली फोड तिनं स्वतःच्या तोंडात टाकली. मी मान खाली घातली.