पाळेकडचा अर्धा तलाव

२ मार्च २०२५

सोलर पॅनलांची शेवटची रांग आज पाण्यावर चढली. झालं! चार मेगावॅट, आमच्या गावच्या तलावावर! कंपनीचे साहेब म्हणाले, "चंद्रकुमारजी, उद्या देशातल्या साऱ्या गाड्या बॅटरीवर चालणार. तेवढी वीज आणायची कुठून? जमीन मिळत नाही. म्हणून पाणी." या एवढ्याशा तलावावर दिवसाला चारशे गाड्या फुल चार्ज होतील म्हणे. मच्छीमार संस्थेचा सचिव म्हणून हार मला घातला. छाती फुगली — खोटं कशाला लिहू!

खुशबूचाही कामाचा पहिला दिवस. आयटीआय करून दीड वर्ष घरी बसली होती माझी पोरगी. संस्थेने संमती दिली तर गावातल्या दोघांना काम, असं ठरलं होतं. पिवळं हेल्मेट घालून निघाली तेव्हा माझा थोरला भाऊ डोमादादा तलावाच्या बांधावर, पाळेवर, उभाच होता तिला पाहायला. दादाला लेकरू नाही. लहानपणी डोंग्यात बसवून तिला त्यानेच फिरवलं.

५ मार्च

देशात गाड्या कोटींनी. आमच्याकडून होणार चारशे. मग असे तलाव लागतील किती? कागदाची एक बाजू भरली, उत्तर आलं नाही. खुशबू हसली — "बाबा, सारा देश तुमीच चालवून राहिले का?"

२९ मार्च

पाणी उतरून राहिलं. यंदा ऊन लवकर.

१७ एप्रिल

राजकुमारचं जाळं आज चिखलात फसलं. संस्थेतला तरणा गडी, तोंडाचा फटकळ. सगळ्यांसमोर मला म्हणाला, "सचिवसाहेब, आमचा अर्धा तलाव कुठी गेला?"

पाहिलं. शिवाराकडच्या आमच्या अर्ध्यात नुसता चिखल आणि बगळे. उरलंसुरलं पाणी सारं पाळेकडे, आणि ते सारं पॅनलांच्या खाली. तिथे डोंगा न्यायचा नाही, जाळं टाकायचं नाही. तसं लिहून दिलंय आम्ही. मी.

१८ एप्रिल

दिवाळीनंतरच्या आठवड्यात साहेब मोजणीला आले होते. तलाव तुडुंब. "अर्धा तुमचा, अर्धा आमचा. कुठला घेऊ?" मी मोठ्या ऐटीत हात केला — पाळेकडचा तुम्ही घ्या, शिवाराकडचा आम्हाला. कार्तिकातला पाळेकडचा अर्धा म्हणजे वैशाखातला सगळा! खोल पाणी पाळेपाशीच. उन्हाळ्यात रोहू-कतला मासे तिथेच जाऊन बसतात, आम्हीही तिथेच जाळी टाकतो. आम्हा मच्छीमार ढिवरांच्या घरचं शेंबडं पोरही सांगेल. आणि मी, पन्नास उन्हाळे पाहिलेला, विसरलो! खरंच विसरलो. समोर भरलेलं पाणी, अंगात नवा सदरा, साहेब जी-जी करून राहिले होते. डोक्यात माती भरली होती माझ्या!

२२ एप्रिल

भंडाऱ्याला जाऊन आलो. कंपनीच्या ऑफिसात म्हटलं, थोडं सरकवा हो. साहेबांनी नकाशा उघडून माझी सही दाखवली. "नांगर तळात रोवले, केबल गेली. पंचवीस वर्षं आता हलत नाही." चहा मात्र पाजला.

बाहेर त्यांची गाडी चार्जिंगला लावली होती. लाथ घालावीशी वाटली. पण तिचा काय दोष? कोळशाचा धूर नको, डिझेल नको, हे मलाही पटतं. वीज कुठून तरी काढावीच लागेल. फक्त ती संस्थेतल्या बावीस घरांच्या उन्हाळ्यातून निघेल, हे मला दिसायला पाहिजे होतं. साहेबाला कसं दिसणार? तो नागपूरचा.

२ मे

दादा बोलत नाही. पंधरा दिवस झाले. आज घरी गेलो तर मला पाहून उठला आणि मागच्या दाराने गेला. धुरपता वहिनीने पाणी दिलं. "काहून असे करून राहिले, मले काही सांगत नाही," म्हणाली. राजकुमार शिव्या देतो ते बरं वाटतं. दादाचं गप्प राहणं सहन होत नाही. माझा सख्खा भाऊ, आणि मी त्याचंच पाणी घालवलं!

६ मे

केशरबाई अड्याळच्या बाजारात भेटली. नवरा गेल्यापासून आमच्याच तलावाचा मासा विकते ती. आज टोपल्यात आंध्राचा, बर्फातला. गिऱ्हाईक माशाचे डोळे पाहून नाक मुरडत होतं. मला पाहून तिने टोपलं झाकलं. मी भाजी न घेताच परत आलो.

१० मे

उद्या संस्थेची सभा. ठरवलं — उभं राहून सांगायचं, चुकलो बाबांनो, साधी चूक झाली, ध्यानातच आलं नाही. माफी मागायची. पद सोडायचं. चुकीला माणूस माफी तरी देतो. दादाही देईल कधीतरी.

११ मे

सकाळी दादा स्वतः आला. उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाही. "चंदू, तू विसरला. मी नाही विसरलो. तू हात दाखवला तवाच मले समजलं होतं. पण बोललो असतो तं वाळणारा अर्धा कंपनीनं घेतला नसता, पोरीचं काम गेलं असतं. बावीस घरं हायेत, समजत होतं मले. चूप बसलो." एवढं बोलून गेला. इतके दिवस मला टाळत होता, तो राग नव्हताच!

संध्याकाळी सभा. राजकुमार ओरडला, "इतक्या जणांत कोणालेच मालूम नव्हतं? कोणाले तरी मालूम होतं!" मागच्या रांगेत दादा उठायला लागला. त्याच्या आधी मी उठलो. म्हणालो, "मले मालूम होतं. पोरीच्या कामासाठी चूप बसलो."

खुशबू दारातच उभी होती, हेल्मेट हातात. सारं ऐकलं तिने. घरी आल्यापासून माझ्याकडे पाहत नाही.